विहिरीत पाव टाकला आणि वसईतली गावं ख्रिस्ती झाली? मग बाप्तिस्मा नेमका कशाला म्हणतात?

वसई स्टेशनला उतरून पश्चिमेकडे निघालं की थोड्या वेळात सगळं चित्र बदलतं. टॉवर मागे पडतात. केळीच्या बागा, नारळ, पानवेलींचे मळे, मध्येच एखादं बावखल आणि दर दीड-दोन किलोमीटरवर एक चर्च. सांडोर, पापडी, रमेदी, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी. इथली माणसं घरात मराठीच्या बोली बोलतात आणि आडनावं सांगतात गोन्साल्विस, परेरा, रॉड्रिग्ज, तुस्कानो, दिब्रिटो.

पहिल्यांदा इकडे आलेल्या माणसाला हमखास प्रश्न पडतो, हे सगळे ख्रिस्ती झाले कसे? त्यावर कुणीतरी एक गोष्ट सांगतंच.

पोर्तुगीजांचे पाद्री रात्री गावात आले. त्यांनी गुपचूप विहिरीत पाव टाकला. सकाळी बायकांनी पाणी भरलं, गाव ते पाणी प्यायला. मग पाद्री परत आला आणि म्हणाला, तुम्ही आमच्या पावाचं पाणी प्यायलात, आता तुम्ही बाटलात. झालं, अख्खं गाव ख्रिस्ती.

वसईपासून गोव्यापर्यंत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पावाच्या जागी कधी हाडूक येतं, कधी मांस. व्हॉट्सॲपवर तर ती दर काही महिन्यांनी नव्या फोटोसकट फिरते. शाळेत असताना 'पाववाले' म्हणून चिडवलं गेलेली वसईकर पोरं या गोष्टीचा शेवट तोंडपाठ सांगू शकतात.

गोष्टीत गोम एकच आहे. ख्रिस्ती धर्मात अशा प्रकारे कुणालाही प्रवेश मिळत नाही. पाव खाल्ला, मांस खाल्लं, चर्चमधलं पाणी प्यायलं, कुणाच्या घरी जेवलं, यातल्या एकाही गोष्टीनं माणूस ख्रिस्ती होत नाही. आजच्या नियमानं होत नाही आणि सोळाव्या शतकातल्या नियमानंही होत नव्हता. आत जायचा दरवाजा एकच, बाप्तिस्मा. त्यात पाणी असतं, पण ते पिण्याचं पाणी नव्हे.

मग 'बाटवलं' कुणी?

विहिरीच्या गोष्टीत पाव टाकणारा पाद्री सगळ्यांना दिसतो. पण पाणी प्यायलेल्या माणसाला 'आता तू आमचा नाहीस' असं सांगणारा माणूस गोष्टीत कुठेच दिसत नाही. तो पाद्री नव्हता. तो त्याच गावातला, त्याच जातीतला होता. रोटीबंदीचे नियम असे होते की परधर्मीयाच्या हातचं खाल्लं तर जात जायची. 'बाटणं' हा शब्द या नियमांतून आला आहे. बायबलमध्ये तो शोधून उपयोग नाही.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. मुंबईत 1843 साली नेमकं असंच प्रकरण घडलं होतं.

नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं त्या वर्षी स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत साधारण बारा वर्षांचा. तोही भावासोबत मिशनऱ्यांच्या घरी राहायला लागला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान आहे म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. चर्चच्या हिशोबानं तो ख्रिस्ती नव्हता. पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्यामुळे जातीच्या हिशोबानं तो बाटलेला होता.

'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर या पोराच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत जातीत घ्यावं, असा त्यांचा आग्रह होता. सनातनी मंडळींनी एवढा गहजब केला की श्रीपतसोबत त्याला साथ देणाऱ्यांवरही बहिष्कार पडला. थोडक्यात, मुलगा एका धर्मात गेला नव्हता आणि दुसऱ्यात परत येऊ शकत नव्हता. विहिरीची गोष्ट प्रत्यक्षात कशी चालत असेल, याची कल्पना या एका प्रकरणावरून येते.

बाटणं नकळत होतं, खाण्यापिण्यातून होतं आणि ते ठरवणारे दुसरेच असतात. बाप्तिस्मा नकळत होऊच शकत नाही. मोठ्या माणसाला तो स्वतःच्या तोंडानं मागावा लागतो. बाळाचा असेल तर आईवडिलांना मागावा लागतो.

शब्दाचा अर्थ बुडवणे, मग डोक्यावर ओततात का?

मूळ ग्रीक शब्द 'बाप्तिझो'. अर्थ बुडवणे, बुचकळून काढणे. येशूच्या काळातल्या यहुदी लोकांत शुद्धीसाठी पाण्यात डुबकी घ्यायची पद्धत होतीच. योहान नावाच्या संदेष्ट्यानं यार्देन नदीवर लोकांना बोलावून, पापांचा पश्चात्ताप करा आणि पाण्यात उतरा असं सांगायला सुरुवात केली. येशूनं स्वतः त्याच्याकडून हा बाप्तिस्मा घेतला. नंतर आपल्या शिष्यांना त्यानं सांगितलं की सगळ्या राष्ट्रांत जा आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा द्या. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी ही आज्ञा येते. जगातले बहुतेक सगळे ख्रिस्ती पंथ याच आज्ञेवर बोट ठेवतात.

आपल्याकडे स्नान म्हटलं की अंगाचा मळ जाणं आणि पाप धुणं एवढं पटकन डोळ्यांसमोर येतं. कार्तिकात निर्मळच्या यात्रेला येणारा माणूस तिथल्या तलावाकडे त्याच नजरेनं पाहतो. बाप्तिस्म्यात धुणं आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट मरणाची आहे. संत पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठतो. पाण्याखाली जाणं म्हणजे थडगं, वर येणं म्हणजे पुनरुत्थान. म्हणून तीर्थस्नान दरवर्षी करता येतं, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. तो पुन्हा घेता येत नाही आणि चर्चच्या मते पुसताही येत नाही. माणूस चर्चला यायचा बंद झाला, दुसऱ्या धर्मात गेला, तरी त्याचा बाप्तिस्मा झाला होता ही गोष्ट कायम राहते. परत आला तर पुन्हा पाणी ओतत नाहीत.

बुडवायचं की ओतायचं हा वाद जवळपास धर्माइतकाच जुना आहे. 'डिडाखे' नावाची एक छोटी पुस्तिका पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिली गेली. तिच्यात व्यवहारी उत्तर आहे. वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं चालेल, थंड नसेल तर गरम चालेल आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. कॅथलिक चर्चनं बुडवणं आणि ओतणं, दोन्ही मान्य ठेवलं. वसईच्या चर्चमध्ये साधारणपणे डोक्यावर ओततात.

वसईच्या चर्चमध्ये काय होतं?

वसईत या विधीला 'स्नानसंस्कार' हा शब्द जास्त चालतो. 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्द तसाच उचलून आणलेला. तो प्रोटेस्टंट मंडळींच्या बोलण्यात आणि बायबलमध्ये जास्त. हा शब्द भाषांतर न करता का ठेवला, यालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात बंगालीत बायबल करणाऱ्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी तिथे सरळ 'बुडवणे' या अर्थाचा शब्द वापरला. डोक्यावर पाणी ओतणाऱ्या पंथांना ते कसं चालणार? बायबल सोसायटीनं त्या भाषांतराला पैसे द्यायला नकार दिला. ग्रीक शब्द ग्रीकच ठेवला की भांडण मिटतं.

तर स्नानसंस्कार. बाळ काही आठवड्यांचं, फार तर काही महिन्यांचं असतं. आईवडील आधी आपल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, नाव नोंदवतात. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यासाठी एक छोटं तयारीचं शिबिर असतं, कारण पुढची सगळी उत्तरं बाळाच्या वतीनं त्यांनाच द्यायची असतात.

विधी सुरू होतो चर्चच्या दारात. आत नाही, दारात. फादर विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलं? तुम्ही काय मागायला आलात? आईवडील म्हणतात, स्नानसंस्कार. म्हणजे मागणी पहिल्याच मिनिटाला, चारचौघांत आणि मोठ्यानं होते. मग फादर, आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. बायबलमधलं वाचन होतं. छातीला तेल लावतात. पाण्यावर प्रार्थना होते. त्यानंतर पालकांना सैतानाचा आणि पापाचा त्याग करता का, देवावर विश्वास ठेवता का, असे प्रश्न एकामागोमाग विचारतात. आणि मग बाळाचं डोकं कुंडावर धरून तीन वेळा पाणी ओतलं जातं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं स्नानसंस्कार देतो, असं म्हणत.

बाळ इथे बहुतेक वेळा भोकाड पसरतं. फोटोग्राफरला नेमका हाच फोटो हवा असतो.

पुढे टाळूवर सुगंधी पवित्र तेल लावतात, पांढरं वस्त्र देतात आणि इस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून बाळाच्या वडिलांकडे किंवा धर्मपित्याकडे देतात. नंतर घरी जेवण असतंच.

धर्ममाता-धर्मपिता यांना गोव्याकडे मादरीन आणि पादरीन म्हणतात, मूळ पोर्तुगीज शब्दांवरून. हे नुसते मानाचे पाहुणे नाहीत. कॅथलिक नियमानुसार ते साधारणपणे सोळा वर्षांवरचे, दृढीकरण झालेले कॅथलिक असावे लागतात आणि बाळाचे सख्खे आईवडील ही जागा घेऊ शकत नाहीत. दोघं असलेच पाहिजेत असंही नाही, एकानंही भागतं.

एका शब्दानं हजारो बाप्तिस्मे रद्द

पाणी आणि शब्द, या दोन गोष्टींवर चर्च किती काटेकोर आहे हे 2022 साली अमेरिकेत दिसलं. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात एक फादर वर्षानुवर्षं 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' म्हणत होते. हेतू चांगला, सगळ्या मंडळीला सामावून घेण्याचा. पण व्हॅटिकननं ऑगस्ट 2020 मध्येच स्पष्ट केलं होतं की 'आम्ही' चालणार नाही, कारण बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त, फादर फक्त त्याच्या वतीनं बोलतो, जमाव नाही. निकाल असा लागला की त्या फादरनी दिलेले हजारो बाप्तिस्मे अवैध ठरले. त्या लोकांना पुन्हा यायला सांगावं लागलं आणि फादरनी पद सोडलं. इंटरनेटवर याची भरपूर टिंगल झाली.

ज्या संस्थेत 'मी'चं 'आम्ही' झालं तर बाप्तिस्मा होत नाही, तिथे विहिरीत पडलेल्या पावानं तो कसा होईल?

एवढा काटेकोरपणा असूनही एका बाबतीत चर्च कमालीचं सैल आहे. जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. फादर लागत नाही, चर्च लागत नाही, देणारा ख्रिस्ती असण्याचीही अट नाही. चर्चचा जो हेतू असतो तोच मनात ठेवून पाणी ओतायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे, बस. प्रसूतीच्या खोलीत सुईणींनी असे कितीतरी बाप्तिस्मे दिले आहेत. त्यामागे भीती होती. बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ स्वर्गात जात नाही, 'लिंबो' नावाच्या मधल्याच जागी राहतं, असं शतकानुशतकं मानलं जायचं. चर्चनं ती शिकवण पक्का सिद्धांत म्हणून कधी जाहीर केली नव्हती, पण आयांच्या मनात ती पक्कीच होती. 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं म्हटलं की अशा बाळांच्या तारणाची आशा ठेवायला भक्कम कारणं आहेत. मूल गमावलेल्या घरांसाठी हे वाक्य फार उशिरा आलं.

बाळाला काय कळतं?

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनीच एकमेकांना सगळ्यात जास्त विचारला आहे. 1525 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला काही तरुणांनी ठरवलं की लहानपणी झालेला बाप्तिस्मा खरा नव्हेच, विश्वास ठेवायचं वय झाल्यावर घेतलेलाच खरा. त्यांनी एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला. शहराच्या प्रोटेस्टंट सरकारनं त्यांच्यातल्या फेलिक्स मांझ याला जानेवारी 1527 मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्याच्या वादाला पाण्याचीच शिक्षा.

आज बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि अनेक स्वतंत्र मंडळ्या हाच विचार मानतात. नालासोपारा-विरारकडे इमारतींच्या गाळ्यांत आणि हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या मंडळ्या बहुतेक याच परंपरेतल्या. त्यांच्याकडे बाळासाठी फक्त प्रार्थना होते. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन आणि पूर्ण बुडून. त्यासाठी हौद, नदी किंवा समुद्र.

कॅथलिक मंडळींचं उत्तर असं की आईबाप बाळाला विचारून भाषा देत नाहीत, नाव देत नाहीत, मग विश्वासच तेवढा का थांबवायचा? पुढे मोठं झाल्यावर 'दृढीकरण' नावाच्या संस्कारात मुलं तोच विश्वास स्वतः कबूल करतात. दोन्ही बाजूंकडे बायबलची वचनं आहेत, त्यामुळे वाद मिटायची घाई कुणालाच नाही.

पेंटेकॉस्टल मंडळी 'पाण्याचा बाप्तिस्मा' आणि 'पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा' असा फरकही करतात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे धार्मिक जागरण झालं, ते या दुसऱ्या प्रकारासाठी जगभर ओळखलं जातं. उलट साल्व्हेशन आर्मीसारखा पंथ पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही आणि तरी स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो.

मग वसईत खरंच काय झालं होतं?

पावाची गोष्ट बाजूला ठेवली म्हणून सगळं गोडीगुलाबीनं झालं असं म्हणता येत नाही. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची ही राजधानी होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा संघांचे धर्मगुरू इथे आले. फ्रान्सिस्कन फादर अंतोनियो द पोर्तो यांनी या भागात देवळं पाडली आणि चर्च उभी केली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांचं चर्च झालं ते त्याच काळात.

दबावाचे मार्ग कागदावरच होते, त्यासाठी रात्री विहिरीवर जायची गरज नव्हती. 1559 साली लिस्बनच्या दरबारानं गोव्यासाठी फर्मान काढलं. ज्या हिंदू मुलांचे आईवडील आणि आजीआजोबा हयात नाहीत, ती मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवायचं. 1567 साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेनं एकीकडे म्हटलं की धाक दाखवून कुणाला ख्रिस्ती करणं योग्य नाही, आणि दुसरीकडे देवळं, मूर्ती आणि उघड पूजाअर्चा यांवर बंदीची मागणी केली. सरकारी नोकरी, जमीन, कोर्टकचेरी यांत ख्रिस्ती माणसाला झुकतं माप होतं. गावाचा पुढारी गेला की मागोमाग भावकी जायची. काहींना धर्मगुरूंचं काम पटलं असेल, काहींना जातीच्या उतरंडीतून सुटायचं असेल. एकाच गावातल्या दोन घरांची कारणं वेगळी असू शकतात.

बाप्तिस्मा झाला की नवं नाव मिळायचं. आडनाव बहुतेक वेळा धर्मपित्याचं किंवा पाणी ओतणाऱ्या फादरचं असायचं. म्हणून केळी पिकवणाऱ्या मराठी माणसाच्या नावामागे लिस्बनच्या सरदाराचं आडनाव दिसतं.

पण बाप्तिस्म्यानं भाषा बदलली नाही. हिंदू सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती आजही एकच बोली बोलतात, कादोडी. वाडवळांमध्ये हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही, आणि वाडवळी दोघांचीही. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आणि त्यानं नवरा-नवरीला अंघोळ घालायची, हा 'उंबराचं पाणी' नावाचा विधी ईस्ट इंडियन समाजात अजून होतो. त्याला धर्मशास्त्रात कुठेही जागा नाही आणि फादरचीही गरज नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, लॅटिन मागे पडली आणि चर्चमधली उपासना लोकांच्या भाषेत आली, वसईत ती मराठीत आली. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. इथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवरून झालेला गदारोळ आठवत असेलच.

1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, दबाव गेला, बक्षिसंही गेली. पुढची सत्तरेक वर्षं इथे पेशव्यांचा अंमल होता, तरी बहुतेक ख्रिस्ती गावं ख्रिस्तीच राहिली. यातून ते मनापासून ख्रिस्ती झाले होते असं म्हणता येतं. जातीनं परतीचा दरवाजा सहज उघडला नसता, हेही तितकंच खरं. शंभर वर्षांनी श्रीपत शेषाद्रीचं काय झालं ते वर आलंच आहे.

बाप्तिस्मा घेतलाय, पण घर?

मराठीत या प्रश्नाची सगळ्यात मोठी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. डोक्यावर पाणी पडायला काही सेकंद लागतात, पण त्यामुळे नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही आपलं स्वयंपाकाचं सोवळं सोबत घेऊन. ते हळूहळू सुटलं. नंतर, 1900 साली, त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याकडे आधी रोटीबंदी गेली आणि नंतर बाप्तिस्मा आला, विहिरीच्या गोष्टीच्या बरोबर उलट.

खुद्द टिळकांनी शेवटच्या काळात आणखी एक पाऊल टाकलं. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र असावेत अशी त्यांची कल्पना होती. बाप्तिस्मा म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणं, हे त्यांनी घरातच भोगलं होतं. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही.

आज कुणाला काय फरक पडतो?

इनबॉक्समध्ये फिरणारा नेहमीचा प्रश्न, ख्रिस्ती मुलाशी किंवा मुलीशी लग्न करायचं तर बाप्तिस्मा घ्यावाच लागतो का? नाही. कॅथलिक चर्च बिशपच्या परवानगीनं बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशीही लग्न लावतं. कॅथलिक जोडीदाराला मात्र एक वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा यासाठी तो आपल्या परीनं सर्व प्रयत्न करेल. दुसऱ्याकडून वचन घेत नाहीत, पण या वचनाची त्याला कल्पना दिलेली असते. हे बोलणं लग्नाआधीच झालेलं बरं, कारण खरी भांडणं पहिल्या बाळाच्या वेळी होतात. कायद्याच्या बाजूनं 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी पुरतं, आणि कुणालाच धर्माच्या चौकटीत जायचं नसेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहेच.

मोठ्या माणसाला स्वतःहून बाप्तिस्मा हवा असेल तर कॅथलिक चर्चमध्ये तो लगेच मिळत नाही. काही महिने, कधी वर्षभर शिकवण चालते आणि शक्यतो इस्टरच्या आदल्या रात्री विधी होतो. सात वर्षांपुढच्या मुलालाही या नियमात मोठ्यांसारखंच धरतात, म्हणजे त्याची स्वतःची इच्छा लागते.

कागदोपत्री सगळ्यात मोठा परिणाम होतो अनुसूचित जातीच्या माणसावर. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. शिखांचा समावेश 1956 ला झाला, बौद्धांचा 1990 ला. ख्रिस्ती त्यात नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. तिचा लहानपणी बाप्तिस्मा झाला होता, ती नियमित चर्चला जायची आणि नोकरीसाठी तिला हिंदू अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र हवं होतं. कोर्टानं ते नाकारलं. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही, त्यामुळे पालघरमधल्या आदिवासी कुटुंबासाठी हिशोब वेगळा आहे.

आणि बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्माचा दाखला नाही. पूर्वी वय आणि जन्म सिद्ध करायला चर्चचं रजिस्टर चालायचं. आता 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतच्या कामांसाठी सरकारी जन्मदाखलाच लागतो. चर्चमधल्या कामांना मात्र बाप्तिस्म्याचाच दाखला लागतो. दृढीकरण, लग्न, फादर किंवा सिस्टर होणं, सगळ्याची सुरुवात त्या नोंदीपासून होते. माणूस पुढे कुठेही राहायला गेला तरी त्याची मूळ नोंद ज्या चर्चमध्ये पाणी ओतलं तिथेच राहते. दुबईत किंवा कॅनडात लग्न झालं तरी तिथलं चर्च वसईच्या त्या धर्मग्रामाला कळवतं आणि जुन्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावासमोर लग्नाची तारीख लिहिली जाते. त्यामुळे दाखला हरवला असेल तर आत्ता राहता तिथल्या चर्चमध्ये चकरा मारू नका. जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या ऑफिसात आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख घेऊन जा.